पाठमोरी

फळांच्या गाडीपाशी ती सफरचंदं निवडत उभी होती, तेव्हा मागून कुणीतरी तिच्या कोपराला हात लावला. वळून पाहिलं तर तिच्याच वयाची एक बाई. खांद्याला कापडी पिशवी, केस घाईने बांधलेले, आणि चेहऱ्यावर हसू आधीपासून तयार. "सिस्टर, ओळखलंत ना?" तीही हसली. रस्त्यात, दुकानात, बसच्या रांगेत कुणी ना कुणी अशी ओळख दाखवायचंच. मग चेहरा आपला आपण ओळखीचा होतो, आत मात्र पाटी कोरी. "अहो, न ओळखायला काय झालं!" ती म्हणाली आणि मनातल्या मनात धुंडाळत राहिली. शेवटी बाईनेच तिची सुटका केली. "माझे बाबा होते तुमच्याकडे. खिडकीजवळची खाट. सतरा नंबर." सतरा म्हटल्याबरोबर तिला सगळं आठवलं. सोडियम कमी. उजव्या हाताची शीर सापडत नसे म्हणून सलाइन डावीकडे. पडण्याचा धोका, म्हणून नावापुढे पिवळा त्रिकोण. लघवीची नोंद राहिली की स्क्रीनवर लाल होणारा सतराच्या चौकटीचा कोपरा. एवढं सगळं आठवलं, आणि त्या म्हाताऱ्याचा चेहरा काही केल्या आठवेना. चष्मा होता का, डोक्यावर केस होते का, हसताना कसे दिसायचे. चेहरा असायला हवा तिथे नुसती पांढरी उशी होती. हातातलं सफरचंद तिने परत ढिगावर ठेवलं.

"एक विचारायचं होतं," बाई म्हणाली. "तेव्हा जमलं नाही आणि नंतर तिकडे पाऊल टाकायचा धीर होईना. त्या दुपारी मी घरी आंघोळीला म्हणून गेले होते, आणि तेवढ्यातच ते गेले. दुसऱ्या सिस्टर म्हणाल्या, तुम्हीच होतात जवळ. शेवटी काही बोलले का हो ते?" बाईचे डोळे तिच्या तोंडाकडे लागले होते. फळवाला थांबला होता, मागे एक माणूस पैसे हातात धरून खोळंबला होता, आणि तिच्या तोंडून, आता बरं वाटेल हं, किंवा थोडंसंच टोचेल, असं दिवसभर निघतं तितक्याच सहज निघून गेलं, "हो, बोलले ना. मुलीला बोलवा म्हणाले." बाईच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. मग ते तिथेच थबकलं, जिन्यावर दिवा लागावा आणि लगेच कुणीतरी मालवावा तसं. "कुठल्या मुलीला?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"नाव घेतलं का त्यांनी?"

"नाव नाही घेतलं. नुसतं, मुलीला बोलवा."

"मला ते कधी मुलगी म्हणायचे नाहीत," बाई हळूहळू म्हणाली, हिशेब लावावा तशी. "नुसतं 'अगं' म्हणायचे. अगं पाणी दे. अगं पडदा ओढ. आणि मी तर रोज तिथेच बसलेली. मला बोलवा कशाला म्हणतील? म्हणजे थोरलीची आठवण काढली त्यांनी." मग तिने सांगितलं, रस्त्यात उभ्या उभ्या, परक्या माणसाला सांगून टाकतात तसं: थोरली बहीण लग्नावरून भांडून घर सोडून गेली, त्यानंतर बापाने तिचं नाव घरात काढू दिलं नाही, तिचे फोटोसुद्धा उतरवून ठेवले. धाकटीने लग्न केलं नाही, घर सांभाळलं, बाप सांभाळला. "मला वाटायचं विसरले असतील तिला. चला, कळलं ते बरं झालं. कळवायला हवं तिला." तिने सिस्टरचा हात हातात घेऊन दाबला, आणि गर्दीत शिरली. जाताना तिची पिशवी खांद्यावरून घसरली होती आणि ती सावरायचं तिला भान नव्हतं. "ताई, किती देऊ?" फळवाला म्हणाला. "काही नको," ती म्हणाली.

घरापर्यंतचा रस्ता पायाखालचा होता, म्हणून डोकं मोकळं राहिलं, आणि मोकळ्या डोक्यात ती दुपार शिरली. वॉर्डातल्या सगळ्याजणी त्या चाकांवरच्या संगणकाला सवत म्हणायच्या. मशीन नवं आलं तेव्हा एका सिस्टरने हे नाव ठेवलं, ती निवृत्त झाली, नाव मात्र चिकटलं. सवत रुसली, सवत झोपली, सवतीला चार्जिंगला लाव, माझी सवत कुणी पळवली. पेशंटपाशी जायचं ते सवतीला ढकलत. आधी मनगटावरच्या पट्टीवर लाल उजेड पाडायचा, मग औषधाच्या पाकिटावर, मग आपल्या ओळखपत्रावर, आणि मग स्क्रीन विचारेल त्याची उत्तरं देत बसायचं. स्क्रीन खूप विचारायची. पाठीला जखम आहे का, भूक कशी आहे, पडण्याची भीती किती, मन उदास वाटतं का, घरी जिने किती. उत्तर अर्धवट ठेवून थोडं इकडेतिकडे झालं की ती आपोआप बंद व्हायची आणि टाकलेलं सगळं पुसून जायचं. त्या दुपारी दोन नव्या भरत्या होत्या, नवी सिस्टर ऑपरेशन थिएटरकडे गेली होती, आणि सतरा नंबरचा पडण्याच्या धोक्याचा तक्ता सकाळपासून लाल होता. प्लग खिडकीच्या पलीकडच्या भिंतीत, वायर तोकडी, त्यामुळे सवत उभी करायची म्हणजे पेशंटकडे पाठच करावी लागे. ती पाठ करून उभी होती. आणि मागून म्हाताऱ्याने बोलायला सुरुवात केली.

शब्द एकही तिच्या कानात शिरला नव्हता. आवाज शिरला होता. तो आता, या रस्त्यावर, रिक्षांच्या आणि दुकानांच्या गलक्यात स्वच्छ ऐकू येत होता: थोडा खरखरीत, घाई नसलेला, एखाद्याला पत्ता समजावून सांगावा तसा टप्प्याटप्प्याने पुढे जाणारा. मध्ये तो थांबला होता. उत्तराची वाट पाहावी तितका थांबला होता. "हो बाबा, झालंच, एक मिनिट," ती म्हणाली होती. मग तो पुन्हा सुरू झाला, या वेळी जरा हळू. तिचं लक्ष एका चौकटीत होतं: मागच्या सहा महिन्यांत पडले होते का, हो, नाही, माहीत नाही. ती 'माहीत नाही'वर बोट ठेवत होती आणि ते शेजारच्या ओळीवर पडत होतं. मग मागचा आवाज थांबला. आणि तिच्या मनात आलं होतं, हे तिला आता आठवलं आणि ती रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीशी थांबली, तिच्या मनात आलं होतं: शांत झाले, बरं झालं. तक्ता हिरवा करून ती वळली तेव्हा सगळं संपल्यात जमा होतं. नंतरची धावपळ, छाती दाबणं, डॉक्टर, पडदे, ते सगळं वेळच्या वेळी झालं. त्यात कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती.

मशीनला नावं ठेवायला ती काही जुन्या वळणाची बाई नव्हती. उलट ते आलं तेव्हा हौसेने पुढे झालेल्यांपैकी ती. डॉक्टरांची अक्षरं लावण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. खाटेच्या पायथ्याशी दोरीने बांधलेल्या पुठ्ठ्यावरचे ताप आणि नाडीचे आकडे पुष्कळदा चहाच्या वेळी एकदम, एकाच शाईने, अंदाजपंचे भरले जात, हेही तिला ठाऊक होतं. एकदा एकाच आडनावाच्या दोन पेशंटांची औषधं उलटीपालटी होणार होती, ती या मशीननेच अडवली. शिकवायला आलेला संगणक विभागाचा तरुण म्हणाला होता, "यात तुमचा इतका वेळ वाचेल, की तुम्ही पेशंटशी निवांत गप्पा मारत बसाल." सगळ्याजणी हसल्या होत्या, पण मनातून त्यांना ते खरं वाटलं होतं. वेळ वाचणार हे वर कुणीतरी फार मनावर घेतलं आणि वाचणाऱ्या वेळाच्या बदल्यात प्रत्येक पाळीतली एक सिस्टर काढून घेतली. वेळ वाचला नाही. सिस्टर मात्र परत आली नाही. मग तक्ते वाढले, कारण कुठेही काही चुकलं की चौकशीनंतर एक नवा प्रश्न स्क्रीनवर येई, आणि आलेला प्रश्न पुन्हा कधी जात नसे. चहाच्या खोलीत एकजण म्हणायची, "पेशंट गेला तर निदान नातेवाईक रडतात, सवत गेली तर आपल्यालाच रडावं लागतं." यावरही त्या हसायच्या. घरी जायची वेळ झाली की हसत हसत परत बसायच्या आणि राहिलेल्या नोंदी भरायच्या, दिवे लागेपर्यंत.

नवरा दार उघडून परत खुर्चीत जाऊन बसला. तो एका रंगाच्या दुकानात हिशेबनीस होता आणि त्याच्या बाह्यांना कायम टर्पेंटाइनचा वास यायचा. जेवताना तिने त्याला सांगितलं. तो चावत चावत ऐकत राहिला. "बरं केलंस की," तो म्हणाला. "नाही तर काय सांगणार होतीस, माझं लक्ष नव्हतं म्हणून?"

"पण तिला उलटंच लागलं ते."

"तुला काय स्वप्न पडलं होतं, दोन मुली आहेत म्हणून? समाधानासाठी बोललीस. सोडून दे." मग तो दुसरं काहीतरी सांगू लागला. त्याचे ओठ हलत होते, हातातला घास हलत होता. तिला खिडकीजवळची खाट दिसत होती, आणि चादरीखाली हलणारा एक पाय. पाय आठवत होता, चेहरा नाही. "हो, झालंच," ती म्हणाली.

नवऱ्याने घास खाली ठेवला. "काय झालंच?"

"म्हणजे?"

"मी काही मागितलं नव्हतं. दाढ काढायला सांगितलीय डॉक्टरने, ते सांगत होतो." तो रागावला नव्हता, त्याची सवय झाल्यासारखा बोलत होता, आणि तेच तिला जास्त लागलं. "हल्ली तू हेच म्हणतेस. झालंच, झालंच. आपल्या मुलीचा फोन आला तरी झालंच." तिने त्याच्या गालाकडे पाहिलं. डावा गाल सुजला होता. किती दिवस सुजलेला असेल, कोण जाणे. हात पुढे करून तिने तो चाचपला, तर त्याने मान मागे घेतली. "राहू दे आता," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्ड जरा थंडावला तेव्हा तिने सतरा नंबरची जुनी फाइल उघडली. गेलेल्या पेशंटची फाइल उघडायला स्क्रीन कारण विचारते. उपचार, बिल, तपासणी, इतर. तिने इतर निवडलं. मग एक रिकामी चौकट आली, कारण लिहिल्याशिवाय पुढे जाऊ देईना. बोटं क्षणभर तशीच राहिली, आणि मग तिने लिहिलं: ऐकायचं राहिलं होतं. फाइल उघडली. एवढी माहिती तिने आयुष्यात कुठल्या माणसाबद्दल, अगदी स्वतःच्या आईबद्दलही, कधी एका जागी पाहिली नव्हती. किती पाणी प्याले, किती लघवी झाली, कुठल्या कुशीवर कधी वळवलं. त्या दुपारची पानं सगळी तिचीच होती. सगळीकडे हिरवी खूण. खाली खाली जाताना एके ठिकाणी ती थांबली. शुद्ध: पूर्ण. बोलणं: सुसंबद्ध. तिनेच टाकलं होतं. तो बोलतोय हे मशीनला माहीत होतं, तिनेच मशीनला सांगितलं होतं. इतकंच नव्हे, तो बोलतोय ते अर्थाला धरून आहे, असंही तिने न ऐकता लिहून दिलं होतं. बरळत होते असं लिहिलेलं सापडलं असतं तर बरं, असं काहीतरी मनात धरून ती आली होती, हे तिला आता कळलं. शेजारचा सोळा नंबर त्या दुपारी थिएटरमध्ये होता. पलीकडे भिंत. म्हणजे त्या माणसाचं शेवटचं बोलणं जगात एकाच कानावर पडलं होतं, आणि तो कान तिचा होता. फाइलच्या पहिल्या पानावर घरचा पत्ता होता. तो तिने डोळ्यांनी टिपून घेतला, आणि पंधरा नंबरने बेल वाजवली म्हणून फाइल बंद करून उठली.

मेट्रन मॅडमनी बोलावलं ते दोन दिवसांनी. मॅडम तिच्याहून वयाने थोड्याच मोठ्या, एकेकाळी दोघींनी एकाच वॉर्डात पाळ्या केलेल्या. आता त्यांच्या टेबलावर दोन स्क्रीन होत्या आणि डोळ्यांखाली काळं. "अगं, हे काय?" त्या म्हणाल्या. "कारण नसताना फाइल उघडली की मला मेल येतो, माहितीये ना तुला? आणि हे काय लिहिलंयस, ऐकायचं राहिलं होतं. काय ऐकायचं?"

"ते जाताना काहीतरी बोलले. मी तक्ता भरत होते."

मॅडमनी स्क्रीनवरची ती ओळ पुन्हा वाचली. खोलीत कुठेतरी पंखा कुरकुरत होता. "मग ते फाइलमध्ये कसं सापडेल तुला?" त्यांनी विचारलं, चिडून नाही, खरोखरच विचारल्यासारखं.

"नाही सापडलं."

"तुझ्या वॉर्डाच्या नोंदी सबंध हॉस्पिटलात सगळ्यात पूर्ण असतात. मीटिंगमध्ये मी तुमचं उदाहरण देते. आणि तू असलं काहीतरी करून ठेवतेस." त्यांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली. "ताकीद द्यावी लागेल, माझ्या हातात नाही. इथे वाचलं म्हणून खूण कर." तिने खूण केली. उठताना तिला वाटलं, मॅडम आणखी काहीतरी बोलणार आहेत. त्यांनी तोंड उघडलंही. मग टेबलावरचा फोन वाजला आणि त्यांनी हातानेच, जा तू, म्हटलं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ती त्या पत्त्यावर गेली. अरुंद जिना, प्रत्येक मजल्यावर चपलांचे ढीग, कुणाच्या तरी घरी रेडिओ. जिना चढताना वाक्यं जुळवत होती. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. ते बोलले, पण मी ऐकलं नाही. इतकी साधी वाक्यं. रोज ती माणसांना याहून कितीतरी कठीण गोष्टी सांगत आली होती. धाकटीने दार उघडलं आणि तिला पाहून गडबडली. "तुम्ही! या ना, या. पसारा आहे हं सगळा." खोलीत खरोखरच पसारा होता. पलंगावर कपाटातलं सामान काढून ठेवलेलं, जुने फोटो, आणि भिंतीला टेकवलेली एक पत्र्याची पाटी, तिच्यावर गाडी शिकवण्याच्या क्लासची जाहिरात. "बाबांची," धाकटी म्हणाली. "आयुष्यभर लोकांना गाडी शिकवली त्यांनी. शेजारच्या सीटवर बसून. त्या सीटखाली त्यांच्यासाठी वेगळा ब्रेक असायचा ना, तो दाबायची इतकी सवय, की झोपेतसुद्धा पाय हलायचा. तुमच्याकडेही हलत असेल."

हलत होता. चादरीखालचा उजवा पाय, थांबून थांबून दाबणारा. तिने त्याची नोंद केली होती: पायांची अस्वस्थ हालचाल. नोंद झाल्याबरोबर स्क्रीनने एक गोळी सुचवली होती, डॉक्टरांनी ती मान्य केली होती, आणि ती गोळी रोज संध्याकाळी तिनेच पाण्याबरोबर त्यांना दिली होती. म्हाताऱ्याने एकदाही नाही म्हटलं नाही. धाकटीला विचारलं असतं तर तिने एका वाक्यात सांगितलं असतं, हसत. विचारायला चौकट नव्हती. तिला बसायला खुर्ची दिली होती, पण ती उभीच राहिली.

"थोरली येतेय," धाकटी म्हणाली. "तुमचं बोलणं सांगितलं तिला फोनवर. खूप रडली. म्हणाली, म्हणजे बाबांनी मला माफ केलं. तिच्यासाठी हे सगळं काढून ठेवतेय, तिला हवं ते नेऊ दे." तिने एक फोटो उचलला, पदराने पुसला. "वाईट नाही वाटत मला. म्हणजे वाटतं, कशाला खोटं बोलू. इतकी वर्षं सगळं केलं, आणि शेवटी आठवण आली ती तिची. पण आईबापाच्या मनाला कोण काय करणार?"

"त्यांनी तसं म्हटलं नाही," ती म्हणाली. धाकटीने वर पाहिलं. "मुलीला बोलवा, असं ते म्हणाले नाहीत. मी आपलं म्हटलं. तुम्ही रस्त्यात विचारलंत, मला काही सुचलं नाही. ते बोलले, बराच वेळ बोलले. मी ऐकलं नाही. माझी पाठ होती त्यांच्याकडे."

धाकटी तिच्याकडे पाहत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं, दमलेलं, समजूतदार. "सिस्टर," ती म्हणाली, "एवढ्यासाठी इतक्या लांब आलात तुम्ही?"

"मी खरं सांगतेय."

"त्या दिवशी माझा चेहरा उतरलेला बघितलात, म्हणून सांगताय. कळतं मला."

"नाही हो. अहो, तसं नाही." तिने समजावून सांगायला सुरुवात केली. वायर तोकडी होती, प्लग पलीकडे होता. तक्ता लाल झाला होता. अर्ध्यात सोडला तर सगळं पुसून जातं. दोघीच होतो पाळीला, दोन नव्या भरत्या होत्या. बोलता बोलता तिला तिचाच आवाज ऐकू येऊ लागला, आणि प्रत्येक वाक्य खरं असून दुसऱ्याच कुठल्यातरी कामाबद्दलचं वाटत होतं, एखाद्या गोदामाबद्दलचं, जिथे कुणी माणूस निजलेला नाही. धाकटी मान हलवत ऐकत होती, लहान मुलाची थाप ऐकावी तशी.

"मशीनमध्ये लिहीत होतात, बरं," ती म्हणाली. "पण कान तर मोकळे होते ना तुमचे? माणूस जायला लागलाय, बोलतोय, आणि हातभर अंतरावर उभी असलेली सिस्टर ऐकत नाही, असं कुठे असतं का? तेही तुमच्यासारखी. बाबा तुमचं कौतुक करायचे. म्हणायचे, ती बाई कधी रिकामी दिसत नाही."

खरं होतं ते एवढंच होतं, आणि ते सांगून झालं होतं. आणखी जोर देऊन सांगावं तर ती आणखी दयाळू ठरत होती. धाकटीने तिला बळेच बसवलं, पाणी दिलं. खालून कुणीतरी मोटारसायकल सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती घरघरून बंद पडत होती. सिस्टर उठायला लागली तेव्हा धाकटीने तिचा हात धरला, आणि या वेळी तिचा आवाज अगदी बारीक झाला. "एक मात्र विचारते. समजूत नका काढू, जे असेल ते सांगा. त्रास होत होता का त्यांना? दुखत होतं?"

"तीन," ती म्हणाली.

"काय?"

"दुखणं आम्ही दहापैकी मोजतो. त्या दुपारी तीन होतं. नोंद आहे तशी."

"नोंद आहे ना?"

"आहे."

धाकटीने सुस्कारा सोडला, आणि कितीतरी दिवसांचा ताण उतरल्यासारखे तिचे खांदे खाली आले. हे तिने लगेच मानलं. सिस्टर मान खाली घालून बसून राहिली. तीनच सगळ्याजणी टाकायच्या, ती टाकायची, नवी सिस्टर पहिल्याच आठवड्यात शिकली होती. शून्य टाकलं की मशीन पुन्हा विचारतं, नक्की का. चार टाकलं की डॉक्टरला कळवल्याशिवाय पुढे सरकू देत नाही, मग गोळीची नोंद, मग गोळी लागू पडली का ते, परत येऊन. विचारायला वेळ नसला की तीन. सोळाला तीन, सतराला तीन, सगळ्या वॉर्डाला तीन.

"तीन म्हणजे काहीच नाही हो," धाकटी डोळे पुसत म्हणाली.

"नाही," ती म्हणाली. "काहीच नाही."